पावसाचे कारकून

सोलापुरात उन्हाळ्याविषयी बोलणे हा शिष्टाचाराचा भाग आहे. पाहुणा दारात आला की त्याच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायचा आणि "यंदा जरा जास्तच आहे, नाही?" असे विचारायचे. त्यावर पाहुण्याने तोंडावर पाणी मारून "पूर्वी असे नव्हते बुवा" म्हणायचे. गुढीपाडव्यापासून मृग लागेपर्यंत हा संवाद घरोघर चालतो, आणि मला कळू लागल्यापासून तो जवळजवळ ह्याच शब्दांत चाललेला आहे. माझे आजोबाही म्हणत, पूर्वी असे नव्हते. त्यांच्या आजोबांनीही बहुधा तेच म्हटले असणार. मग हे 'पूर्वी' होते तरी कसे?

आठवणीला विचारण्यात अर्थ नाही. वरातीत कोसळलेला पाऊस जन्मभर लक्षात राहतो. श्रावणातले अकरा कोरडे दिवस पुढच्या श्रावणापर्यंतही राहत नाहीत. आठवण ही कादंबरीकाराच्या कामाची वस्तू आहे, हिशेबनिसाच्या नव्हे, हे मी माझ्या धंद्याशी इमान राखून सांगतो. आज सारे जग ज्याला हवामानबदल म्हणते, ज्याच्यावर देशोदेशीचे प्रधान परिषदा भरवितात, त्याचा पुरावा अखेर एका अगदी साध्या कृतीवर उभा आहे. कोणीतरी रोज ठरल्या वेळी उठून बाहेर गेले, एक आकडा पाहिला आणि तो पाहिला तसा लिहून ठेवला. हे कोणीतरी म्हणजे शास्त्रज्ञ नव्हेत. ते निरीक्षक, क्षेत्र सहायक, रोजंदारीवरचे मजूर, कचेरीतले कारकून. त्यांची नावे शोधनिबंधाच्या माथ्यावर नसतात. असलीच तर शेवटी आभारांच्या बारीक टायपात, आणि तेथेही पुष्कळदा 'कर्मचारी वर्ग' एवढेच. मी त्यांना मनातल्या मनात पावसाचे कारकून म्हणतो. ह्या कारकुनांचा इतिहास आमच्या सोलापुराइतका चांगला सांगता येईल अशी गावे थोडी आहेत, कारण पाऊस कमी तेथे त्याचा हिशेब जास्त.

हा हिशेब इंग्रजांनी आणला असे आपण समजतो. तसे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धान्याच्या कोठारापाशी हातभर रुंद तोंडाचे एक कुंड ठेवून त्यात पाऊस मोजावा, असे सांगितले आहे. पुढे शेतीच्या अध्यक्षाची कामे सांगताना तो देशोदेशीचा पाऊसही देतो. कोरड्या जांगल प्रदेशात सोळा द्रोण, अवंतीत तेवीस, आणि अश्मक देशात साडेतेरा. अश्मक म्हणजे गोदाकाठचा मुलूख, आपल्या पलीकडच्या अंगणातला. कोकणापाशी आल्यावर मात्र त्या करड्या गृहस्थाने हात टेकले आणि तेथला पाऊस 'अमित' म्हणून सोडून दिला. मला त्या साडेतेरातल्या अर्ध्या द्रोणाचे फार कौतुक वाटते. तेरा किंवा चौदा म्हणून भागले असते. पण कोणीतरी खरोखर मोजले होते म्हणूनच तो अर्धा तेथे आहे. आणि कुंड कोठारापाशी का ठेवायचे? तर पिकावर कर बसवायचा होता म्हणून. पाऊस मोजण्यामागे प्रथमपासून कवी नव्हे, वसुली अधिकारी उभा आहे.

लोकांचा हिशेब निराळा होता. तो नक्षत्रांनी चाले: मृगाने दगा दिला, आर्द्रा बरी गेली, हत्तीचा पाऊस पडला. पंचांगात प्रत्येक नक्षत्राचे वाहन असते, आणि बेडूक किंवा म्हैस आली की शेतकऱ्याचा चेहरा खुलतो. आमच्या श्रीसिद्धेश्वराच्या यात्रेत, संक्रांतीच्या सुमारास, होम मैदानावर भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या मानाच्या वासरापुढे निरनिराळे पदार्थ मांडतात; ते कशाला तोंड लावते, बिचकते की शांत राहते, त्यावरून येत्या वर्षाचा पाऊस आणि बाजारभाव सांगतात. हजारो माणसे श्वास रोखून त्या मुक्या जनावराकडे पाहत असतात. मीही पाहतो. तिची चेष्टा करण्याइतका मी शहाणा झालेलो नाही. फक्त एक गोष्ट मनात येते. वासराने गेल्या साली काय सांगितले आणि प्रत्यक्षात काय झाले, ह्याची वही कोणी ठेवत नाही. ती ठेवली असती तर आपल्याजवळ केवढे दप्तर झाले असते!

वही सुरू झाली ती दुष्काळामुळे. १८७६ साली परतीच्या पावसाने दख्खनला दगा दिला, आणि सोलापूर जिल्हा त्या काळाच्या जबड्यात अगदी मध्यावर सापडला. आमच्या भागाचा जीव परतीच्या पावसात असतो. वर्षातला सर्वांत मोठा वाटा सप्टेंबर टाकतो आणि रब्बीची ज्वारी त्याच ओलीवर पेरली जाते. तो गेला की वर्ष गेले. शहराजवळचा हिप्परग्याचा एकरूख तलाव १८७१ मध्येच बांधून झाला होता, पण एक तलाव जिल्ह्याला किती पुरणार? सरकारी दुष्काळी कामांवर सर रिचर्ड टेंपल ह्यांनी मजुरांचा शिधा दिवसाला रत्तलभर धान्यावर आणला, आणि मुंबई इलाख्यात अर्धपोटी मजुरांनी कामे सोडून संप केले. त्या दिवसांत सार्वजनिक काकांच्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली: पिकाची स्थिती काय, भाव काय, माणसे गाव सोडून कोठे चालली. सरकारी आकड्याला उत्तर म्हणून आपला आकडा उभा करण्याचा हा आपल्याकडचा पहिला मोठा प्रयत्न म्हटला पाहिजे.

हिंदुस्थानचे हवामान खाते १८७५ मध्ये, म्हणजे दुष्काळाच्या उंबरठ्यावर, स्थापन झाले होते. दुष्काळानंतर त्याच्याकडे सरकार गंभीरपणे पाहू लागले. ब्लॅनफर्ड ह्या त्याच्या पहिल्या प्रमुखाने हिमालयावरचे बर्फ आणि मोसमी पाऊस ह्यांचे नाते जुळविले आणि १८८६ पासून पावसाचा अंदाज नियमाने निघू लागला. पुढे गिल्बर्ट वॉकर आला. हा केंब्रिजचा गणिती. हवामानशास्त्र त्याला ठाऊक नव्हते, आणि बहुधा तेच बरे झाले. त्याने जगभरच्या वेधशाळांचे आकडे मागविले आणि कचेरीतल्या हिंदी कारकुनांना त्यांचे परस्परसंबंध काढायला बसविले. यंत्र नाही, संगणक नाही. दौत, टाक आणि बेरजा. त्या ढिगातून पॅसिफिक महासागराच्या दोन टोकांवरच्या हवेच्या दाबाचा झोपाळा सापडला, आणि आज आपल्या खेड्यातला शेतकरीही ज्या 'अल निनो'ला शिव्या देतो, त्याचा धागा त्या झोपाळ्याशी जुळलेला आहे. वॉकरचे नाव जगातल्या पुस्तकांत आहे. बेरजा करणाऱ्यांपैकी एकाचेही मला कोठे आढळले नाही.

ज्या भांड्यांत हा पाऊस मोजला जाई त्यांची हकीकतही मौजेची आहे. मामलेदार कचेरीच्या आवारात सिमेंटच्या ओट्यात बसविलेले ते नळकांडे जुन्या मंडळींनी पाहिले असेल. तोंड पाच इंच रुंद, काठ जमिनीपासून एक फूट उंच. त्याला सायमन्सचा पर्जन्यमापक म्हणतात. जॉर्ज सायमन्स हा लंडनचा गृहस्थ. त्याने १८६० पासून इंग्लंडभर हौशी माणसांना पाऊस मोजायला लावले. पाद्री, डॉक्टर, जमीनदार, घरंदाज स्त्रिया आणि अर्थातच शाळामास्तर! १९०० साली तो वारला तेव्हा त्याला आकडे पाठविणारे तीन हजारांहून अधिक होते. आमच्याकडे हे काम हौसेने झाले नाही, हुकमाने झाले. पण भांडे तेच. ह्या भांड्यात एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चहाचे अडीच चमचे पाणी. अडीच मिलिमीटर झाला तर तो दिवस सरकारी भाषेत 'पावसाचा दिवस'. तेवढ्याने भांड्यात लहान कपाच्या निम्म्यानेही पाणी जमत नाही. मी वर्गात हा हिशेब मांडतो तेव्हा मुले हसतात. मग त्यांना सांगतो की एक मिलिमीटर म्हणजे हेक्टरला दहा हजार लिटर. तेव्हा हसणे थांबते आणि मागच्या बाकावरचा कोणी शेतकऱ्याचा मुलगा बोटांवर काहीतरी मोजू लागतो.

परंतु किती पाऊस पडला हे कळून पोट भरत नाही. पडला त्यातला किती मुरला, किती वाहून गेला, किती उन्हाने परत नेला, आणि ताटाच्या मुळाशी किती उरला, हे कळले पाहिजे. हा प्रश्न विचारायला १९२३ उजाडावे लागले. त्या साली पुण्याजवळ मांजरीच्या शेतावर ताम्हणे ह्यांनी कोरडवाहू शेतीच्या संशोधनाला हात घातला, आणि पुढे ना. वि. कानिटकरांनी ते काम आपले केले. नंतर शेतीसाठी लिनलिथगो ह्यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग आला, १९२९ मध्ये शेती संशोधनाची मध्यवर्ती परिषद स्थापन झाली, आणि तिच्या पैशांतून १९३३ साली सोलापूर आणि विजापूर येथे कोरडवाहू शेतीची केंद्रे निघाली. पाठोपाठ हगरी, रायचूर, रोहतक. सोलापूरचे केंद्र पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आले. १९७० मध्ये ते अखिल भारतीय कोरडवाहू प्रकल्पात सामील झाले आणि नंतर कृषी-हवामानाच्या देशव्यापी प्रकल्पातही. म्हणजे नव्वदीच्या घरात गेलेली वही आमच्या गावात आहे. सोलापूरकरांपैकी कितीजणांना हे ठाऊक असेल, देव जाणे. चादर, कडक भाकरी, शेंगांची चटणी ह्यांचा अभिमान आपण मिरवितो. ह्या वहीचा मिरविल्याचे मी अजून ऐकले नाही.

कानिटकरांनी काय सांगितले ते कुणबी आजही आपल्या शब्दांत सांगतो. शेताला बांध घाला, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरा, शेणखत द्या, बियाणे कमी टाका, ओळी लांब ठेवा आणि पुन्हा पुन्हा कोळपा. कोळपल्याने वरची भेग बुजते आणि आतली ओल आत राहते. 'एक कोळपणी, अर्धे पाणी' ही म्हण आपल्या लोकांच्या तोंडी आहेच. सोलापुरात तिचे वजन झाले. वजन हा शब्द मी अक्षरशः वापरतो. शेतात गिरमिट घुसवून वीत वीत खोलीवरची माती काढायची, डबीत बंद करून तोलायची, भट्टीत १०५ अंशांवर दिवसभर वाळवायची, पुन्हा तोलायची. दोन वजनांतला फरक म्हणजे त्या थरातले पाणी. सांगायला दोन ओळी लागतात. पण आमची काळी जमीन ओली असली की गिरमिटाला चिक्कीसारखी चिकटते, आणि सुकली की दगड. माघात पिकाच्या ओळींतून वाकून जाऊन मीटरभर खोल भोक पाडणे, तेही एक नव्हे, दर वाफ्यात आणि दर पंधरवड्याला, हे ज्याने केले त्याच्या खांद्याला विचारा. कानिटकरांचा 'ड्राय फार्मिंग इन इंडिया' हा ग्रंथ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या कोष्टकांतला एकेक आकडा म्हणजे अशी एकेक डबी आहे.

त्याच सुमारास पुण्यात एल. ए. रामदास काम करीत होते. हवामान खात्याचे मुख्य ठाणे १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यास आले होते, आणि १९३२ मध्ये तेथे कृषी-हवामानाची शाखा निघाली. पिकाला वाऱ्याचा, उन्हाचा, दवाचा कसा अनुभव येतो हे रामदासांनी जमिनीलगत मोजले. शांत, निरभ्र रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटून नसते, तिच्यापासून थोडी वर असते, हे त्यांनी दाखविले तेव्हा पाश्चात्त्य पंडितांना ते पटायला बराच काळ लागला; आज त्या थराला त्यांचेच नाव आहे. स्वातंत्र्यानंतर ही उपकरणे देशातच घडावीत म्हणून पुण्यात ॲना मणी ह्या बाईंनी शंभराच्या आसपास उपकरणांचे आराखडे पक्के केले. असो.

आमच्या गल्लीत एक गृहस्थ राहतात. त्यांचे आयुष्य निरीक्षक म्हणून गेले. नाव छापू नका असे त्यांनी मला बजावले आहे, म्हणून त्यांना नुसते नाना म्हणतो. कोणत्या ठाण्यावर होते तेही सांगत नाही. त्यांच्याशी गप्पा मारताना मला प्रथम कळले की शेतीच्या वेधशाळेत घड्याळ निराळे असते. नोंदी घ्यायच्या सकाळी सातला आणि दुपारी दोनला, पण हे सात आणि दोन सूर्याचे, रेडिओचे नव्हेत. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आणि आमचे सोलापूर शहात्तरच्या जवळपास; तेव्हा सोलापुरात सूर्याचे सात वाजतात त्या वेळी हातावरच्या घड्याळात सात वाजून सव्वीस मिनिटे झालेली असतात. "पिकाला कुठं ठाऊक आहे मास्तर, आपली प्रमाणवेळ?" नाना म्हणाले.

आवारात एक पांढरी लाकडी पेटी, भिंती तिरप्या पट्ट्यांच्या, छप्पर दुहेरी, दार उत्तरेला. आत चार तापमापक: कोरडा, ओला, कमाल, किमान. ही पेटी दीपगृहे बांधणाऱ्या थॉमस स्टीव्हन्सनने काढली, आणि हा थॉमस म्हणजे 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनचा बाप. बापाने पेटी केली आणि लेकाने पेटाऱ्याची गोष्ट लिहिली! पलीकडे बाष्पीभवनाचे मोठे गोल पात्र, त्यावर तारेची जाळी. जाळी का, असे मी विचारले. नाना म्हणाले, "एप्रिलात दोन कोसांत दुसरीकडं पाणी नसतं. पाखरं प्यायली तर ते उन्हाच्या खात्यावर पडायचं." शिवाय जमिनीत पाच, दहा, वीस सेंटिमीटरवर पुरलेले वाकड्या मानेचे तापमापक, आणि उन्हाचे तास मोजणारा काचेचा गोळा. तो गोळा मला सर्वांत आवडला. सूर्य त्यातून मागच्या कागदी पट्टीवर आपली जळकी रेघ ओढीत जातो. ढग आला की रेघ तुटते. दिवसाची सही सूर्यच करतो.

पण नानांनी सांगितलेली खरी गोष्ट दुसरीच होती. एकदा त्यांच्या हाताखाली एक नवा मुलगा आला. थंडीचे दिवस, सकाळी उठवत नसे. त्याने तीन दिवस आकडे अंथरुणातच लिहिले. वही अगदी नीटनेटकी, आकडे आदल्या आठवड्याला शोभणारे. तरी नानांनी ते पाच मिनिटांत पकडले. एका दिवशी ओला तापमापक कोरड्यापेक्षा वर होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे तापमान रात्रीच्या किमान तापमानाखाली. दोन्ही गोष्टी ह्या सृष्टीत घडत नाहीत. "खोटं बोलायला सुद्धा शास्त्र यावं लागतं," नाना म्हणाले. मी विचारले, पोराला काढून टाकले का? "नाही. तीन दिवसांवर रेघ मारली. 'नोंद नाही' असं माझ्या हातानं लिहिलं. वरून मलाच बोलणी बसली. पोरगं पुढं चांगलं निघालं."

ती तीन रिकामी घरे मला फार मोठी वाटतात. कारण वहीत रिकामे घर आणि शून्य ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शून्य म्हणजे मी गेलो, पाहिले, काही नव्हते. रिकामे घर म्हणजे मी गेलो नाही. आमच्यासारख्या मुलखात, जेथे साऱ्या वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरांच्या आसपास, तेथे निरीक्षकाचे बहुतेक आयुष्य शून्ये लिहिण्यात जाते. आणि शून्य लिहायला बाहेर जाण्याची गरज नाही, असा मोह रोज पहाटे त्याच्या उशाशी बसलेला असतो. आभाळ स्वच्छ आहे, रात्री पत्रा वाजला नाही. मग कशाला जायचे? तरी जायचे. पाहणारे कोणी नसताना जायचे. पगार काय तो आपल्याला माहीत आहे. कित्येकांना तर तोही रोजंदारीवर, वर्षावर्षाच्या बोलीने. 

१९३३ साली हवामानबदल मोजायचा म्हणून कोणी पर्जन्यमापक पुरला नव्हता. त्यांना ज्वारी हवी होती. मोहोळच्या शेतावर निवडलेली मालदांडी ३५-१ त्याच काळातली, आणि आजही आपल्या ताटातली भाकरी पुष्कळदा तिचीच असते. पण १९५८ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंगने हवेतला कर्बवायू रोजच्या रोज मोजायला सुरुवात केली. तेव्हा तो दहा लाखांत ३१५ भागांच्या आसपास होता. आज तो ४२० च्या वर आहे. ती चढती रेघ जगापुढे आली आणि जगातल्या जुन्या वह्यांचा अर्थच बदलला. ज्वारीसाठी लिहिलेले आकडे पृथ्वीच्या तापाचा तक्ता ठरले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत तयार झालेला भारताच्या हवामानबदलाचा अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. १९०१ ते २०१८ ह्या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले, असे त्यात आहे. एका अंशाहूनही कमी! एवढा बारीक फरक लाखो नोंदींतून वर यायचा, तर त्या नोंदी करणाऱ्यांनी अंथरुणात आकडे लिहून कसे चालले असते? पाहुण्याच्या 'पूर्वी असे नव्हते'ला पहिल्यांदा जबाबदार उत्तर मिळाले ते असे.

पाऊस मोजतात तसे पावसावर जगणारे जीवही मोजावे लागतात, आणि त्याचे ठिकाणही आमच्या वेशीवर आहे. शहरापासून थोड्या अंतरावर नान्नजचे माळरान. १९७२ च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्राच्या कार्यक्रमात तेथे चाऱ्यासाठी गवताची राने राखली, आणि त्या गवताचा आडोसा घेऊन माळढोक टिकला. सोलापूरचे बी. एस. कुलकर्णी ह्यांनी ह्या पक्ष्याकडे सरकारचे आणि अभ्यासकांचे लक्ष वेधले. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे असद रहमानी ह्यांनी येथे मुक्काम ठोकून अभ्यास केला. कागदावर ह्या अभयारण्याचे क्षेत्र प्रथम साडेआठ हजार चौरस किलोमीटरांच्या जवळ होते, त्यात गावे, शेते, सगळेच आले. मग लोकांचा संताप झाला आणि ते पुष्कळ कमी करावे लागले. ह्या भांडणात मला पडायचे नाही. मला माळावर पहाटे चालणारा वनमजूर दिसतो. माळढोक वर्षात एकच अंडे घालतो, तेही उघड्या जमिनीवर. गवत कधी वाढले, टोळ कधी आले, नर कधी नाचू लागला, हे सारे पावसाच्या तारखांशी बांधलेले, आणि ते जुळवून पाहायचे तर रोज कोणीतरी चालले पाहिजे. आता देशभरात मिळून हे पक्षी दीडशेच्या आसपास, आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात. नान्नजला एखादा दिसला तर ती बातमी होते. म्हणजे ह्या माणसाच्या वहीतही आता बहुतेक दिवशी शून्यच. काळवीट इतके, कोल्हे इतके, माळढोक दिसला नाही.

येथे मारुती चितमपल्लींचे नाव आल्याशिवाय राहत नाही. १९३२ मध्ये सोलापुरातच जन्मलेला हा माणूस वनाधिकारी झाला, जन्मभर रानांत राहिला, रोजनिश्या लिहीत राहिला. पक्ष्यांना, झाडांना स्थानिक लोक काय म्हणतात हे त्यांनी त्या लोकांच्या पायाशी बसून विचारले, आणि मराठीला केवढी तरी शब्दसंपत्ती दिली. २००६ मध्ये सोलापुरात साहित्य संमेलन भरले त्याचे ते अध्यक्ष होते. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला ते सोलापुरातच गेले. अधिकारी असूनही त्यांनी वाटाड्यांची, रानातल्या माणसांची नावे आपल्या पुस्तकांत आणली. शास्त्राच्या निबंधांनी हा एक गुण त्यांच्यापासून उचलावा.

आता यंत्रे आली आहेत. 'महावेध'ची स्वयंचलित हवामान केंद्रे राज्यात महसूल मंडळांमागे दोन हजारांहून अधिक झाली. सांगोल्याच्या डाळिंबवाल्याला विम्याचे पैसे मिळणार की नाही, हे त्यांच्या आकड्यांवर ठरू लागले. यंत्राला झोप नाही, थंडी नाही. पण त्याच्या तोंडात गांधीलमाशी घर करते, सावलीला झाड वाढते, कोणी त्याला शेळी बांधतो. ते पुसायला, पाहायला पुन्हा माणूसच लागतो. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत पुण्याच्या त्याच संस्थेने सोलापूरच्या आभाळात विमाने पाठवून ढगांत कॅल्शियम क्लोराइडची फवारणी केली. काही ढगांवर केली, काहींवर मुद्दाम केली नाही, म्हणजे तुलना करता यावी. काही ठिकाणी पाऊस अठरा टक्क्यांपर्यंत वाढल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. गावातली पोरे विमान पाहायला गच्चीवर चढत. मला मौज वाटते ती ही, की वर एवढे विमान, एवढे रडार, एवढा खर्च. पण पाऊस वाढला की नाही हे शेवटी जमिनीवर ठेवलेल्या पर्जन्यमापकांना विचारावे लागले.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा रब्बीची ज्वारी वीत-दोन वीत झालेली असेल. नरकचतुर्दशीला पहाटे उटणे लागेल, कारीट फुटेल, आणि फराळाची ताटे मांडली जात असतील तेव्हा घड्याळात सात वाजून सव्वीस मिनिटे होतील. नाना म्हणतात, दिवाळीत पेटीचे दार दवाने गार लागते. ओल्या तापमापकाची वात पाहायची, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणायचा, श्वास काचेवर पडू द्यायचा नाही. साडेआठला पर्जन्यमापक उघडायचा, आत बघायचे, शून्य लिहायचे. मग घरी जाऊन चिवडा-लाडू, पोरांचे फटाके, बहिणीची ये-जा. आणि दुपारी पंगतीतून जरा लवकर उठायचे, कारण दोनची नोंद राहिलेली असते.